चिमट्यांचा कॅटलॉग

आमचे घरमालक कुणाशीही बोलताना त्याच्या डाव्या कानाकडे बघत. घराच्या किल्ल्या हातात देतानाही ते माझ्या कानाकडेच बघत होते, म्हणून मी आत येऊन आधी आरशात कान तपासला. कानात काही नव्हतं. तुमच्या मामाला विचारलं तर तो म्हणाला, "अगं आई, ते तारे बघतात. फिकट तारा सरळ बघितला तर दिसत नाही, जरा बाजूला बघितलं की दिसतो. सवय लागलीय त्यांना. ग्रँड माणूस आहे, तू टेन्शन घेऊ नकोस."

मला हे उत्तर इतकं आवडलं की पुढची दोन वर्षं मी ते सगळ्यांना ऐकवत राहिले. ते साफ चुकीचं होतं, पण ते पुढे येईल.

मागच्या रविवारी पर्थहून व्हिडिओवर तुम्ही दोघं खिदळत विचारत होतात, "आजी, मम्मी सेज यू डू एक्स्प्लोडिंग स्टार्स. इज शी जोकिंग?" तर मुलांनो, मम्मी जोक करत नाही. तुमच्या आजीचं नाव खरोखरच फुटलेल्या ताऱ्यांच्या जागतिक नोंदवहीत आहे. ते तिथं कसं गेलं हे आमच्या सरांबद्दल सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. मम्मीकडून वाचून घ्या. मध्येच उठून फ्रीजकडे जाऊ नका.

आधी ठिकाण. डब्लिनच्या पश्चिमेला लिक्सलिप नावाचं गाव आहे. तिथं कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याचा प्रचंड कारखाना आहे आणि तुमचा मामा तिथं इंजिनियर आहे. मामी टॅलाच्या हॉस्पिटलात. दोघं सकाळी सातला बाहेर पडत आणि मी पुण्याच्या कॉलेज लायब्ररीत चौतीस वर्षं पुस्तकांचं वर्गीकरण केलेली बाई, दिवसभर त्यांच्या मसाल्याच्या बाटल्या अकारविल्हे लावत बसे. बाटल्या एकोणीसच होत्या. काम पाच दिवसांत संपलं.

घर जुळं होतं, मधली भिंत सामाईक. पलीकडच्या अर्ध्यात घरमालक एकटे राहत. मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, सहा फूट उंच, आणि स्वयंपाकघरात सायकलचं हेल्मेट घालून वावरणारे. ते हेल्मेट मला कसं कळलं? तर दर बुधवारी सकाळी सव्वाआठला त्यांच्याकडे धुराचा अलार्म कोकलायचा. दोन बुधवार मी सहन केलं. तिसऱ्या बुधवारी लाटणं घेऊन गेले, खुर्चीवर चढले आणि छताला लावलेल्या त्या डबीचं बटण लाटण्याच्या टोकानं दाबून तिला गप्प केलं. मग खाली बघितलं. टोस्टचा कोळसा झाला होता. हेल्मेट घातलेले घरमालक माझ्या डाव्या कानाकडे बघून हसत होते. आणि त्या स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या होत्या, त्यांवर कपड्यांऐवजी कागद लटकत होते. प्रत्येक कागदावर एक वेडीवाकडी रेघ.

"या मिसेस," ते म्हणाले. "डोकं सांभाळा. स्फोट जरा खाली लोंबतायत."

मी त्यांना सर म्हणू लागले. ते त्यांना पसंत नव्हतं. "चाळीस वर्षं वर्गात ऐकलं, त्यातलं एकदाही प्रेमानं म्हटलेलं नव्हतं," असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्याकडे प्रेमानंही म्हणतात. त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मला आणखी एक जळका टोस्ट दिला.

आता कागदांवर काय होतं ते सांगते, अगदी थोडक्यात. एखादा तारा शेवटी फुटतो आणि काही आठवडे आजूबाजूच्या कोट्यवधी ताऱ्यांना फिका पाडतो. तो सुपरनोव्हा. हल्ली आकाशाचे फोटो काढणारी यंत्रं कुठं नवा ठिपका दिसला की लगेच जाहीर करतात. पण ठिपका म्हणजे नुसता ठिपका. कुठल्या प्रकारचा स्फोट झाला हे कळायला त्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा पसरावा लागतो. मग कागदावर रेघ उमटते. डावीकडे निळा, उजवीकडे तांबडा, आणि मध्ये चढउतार. त्याला म्हणायचं वर्णपट. रेघ वाचायची, प्रकार ठरवायचा, नोंदवहीला कळवायचं. म्हणजे पुस्तक आलं की ते चाळायचं, विषय ठरवायचा आणि कपाटात योग्य जागी ठेवायचं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो सर, हे तर माझं काम आहे!"

"काम तेच," सर म्हणाले, "फक्त तुमची पुस्तकं फुटलेली नसत."

दुर्बीण अर्थातच लिक्सलिपमध्ये नव्हती. आयर्लंडमध्ये दुर्बीण ठेवणं म्हणजे तळ्याच्या तळाशी छत्री उघडून बसणं, असं सर म्हणत. ती होती स्पेनमधल्या एका डोंगरावर. सात हौशी आयरिश माणसांच्या मंडळानं ती भाड्यानं घेतली होती आणि वार वाटून घेतले होते. सरांचा मंगळवार. दुपारी कॉम्प्युटरवरून दुर्बिणीला यादी पाठवायची, बाकी ती आपलं आपण करी, आणि बुधवारी सकाळी चहाच्या वेळेला फाइल हजर. त्या फाइलच्या आनंदात टोस्ट जळे, असा माझा समज.

सर माणसांचंही वर्गीकरण करत. टाइप वन-ए म्हणजे ठरावीक तेजानं, ठरावीक पद्धतीनं फुटणारे तारे. सगळे एकसारखे, म्हणून अंतरं मोजायला भरवशाचे. तुमचा मामा वन-ए. "सात वाजून चार मिनिटांनी गाडी सुरू करतो. त्याच्यावरून मी विश्व मोजू शकेन." टाइप टूमध्ये भरपूर हायड्रोजन, आणि ते महिनोन् महिने उजळत राहतात. पत्र टाकायला येणारी बाई टाइप टू, कारण ती एकदा फाटकात बोलायला लागली की पावसाची सर येऊन जायची तरी थांबत नसे. हायड्रोजन गमावलेले पण हीलियम राखून असलेले ते वन-बी. यात त्यांनी स्वतःच्या बहिणीला टाकलं होतं, कारण फोनवर तिचा आवाज हीलियम ओढल्यासारखा फार चढतो म्हणे.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमची फाइल अजून आलेली नाही, मिसेस."

बोलता बोलता ते प्रत्येक ताऱ्याला 'युवर मॅन' म्हणत. युवर मॅन असा फुटला, युवर मॅन तसा. मी इंग्रजी शाळेत शिकलेली बाई, पण इथं त्याचा अर्थ नुसता 'तो गृहस्थ' इतकाच होतो हे कळायला मला तीन आठवडे लागले. तोवर मी विचार करत होते की माझे मॅन तर सात वर्षांपूर्वी गेले, आणि तेही झोपेत, अगदी शांतपणे.

एक गोष्ट मला खुपायची. सर वर्णपट छापत, दोरीला लटकवत आणि तिथंच सोडून देत. नोंदवहीला काही कळवत नसत. दोन वर्षांत एकही नाही. विचारलं की म्हणत, "तारा मरून कोट्यवधी वर्षं झाली. मर्तिकाची चिठ्ठी आजच टाकायला हवी असं थोडंच आहे?" पण दाराच्या खिळ्याला एक सुरकुतलेला लाल फुगा लटकत होता, आणि त्याची हकिगत एक दिवस त्यांनी पोळी-भाजी खाता खाता सांगितली. (माझ्या पोळ्यांना ते 'शिस्तशीर ब्रेड' म्हणत.) पूर्वी एकदा त्यांनी घाईनं एका ताऱ्यात हायड्रोजन आहे असं जगाला कळवलं. दुपारपर्यंत मोठ्या वेधशाळेनं दुरुस्ती केली की नाही, साधा वन-ए आहे. तो हायड्रोजन ताऱ्याचा नव्हताच, तारा ज्या दीर्घिकेत होता तिथल्या वायूचा होता. मंडळाच्या वार्षिक सभेत मित्रांनी त्यांना समारंभपूर्वक हायड्रोजनचा फुगा भेट दिला.

"मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो," सर म्हणाले. "हायड्रोजन नव्हता खरं तर त्यात. हीलियम होता. तेही त्यांना ओळखता आलं नाही."

पण फुगा त्यांनी टाकला नव्हता. जी वस्तू माणूस टाकत नाही ती त्याला लागलेली असते, एवढं मला कळतं.

आता माझा अपराध.

एका बुधवारी सर केस कापायला गेले होते आणि मी त्यांच्याकडे भाजीचा डबा ठेवायला गेले. वर बघितलं. तीन दोऱ्या, एक्केचाळीस कागद, आणि त्यांना लावलेले चिमटे कसेही. निळा, लाल, लाल, पिवळा, निळा, पांढरा, लाल. मुलांनो, तुम्ही मला ओळखता. मी दुसऱ्यांच्या घरातल्या चपला जोडीनं लावते. वीस मिनिटांत मी सगळे चिमटे बदलले. पहिल्या दोरीला सगळे निळे, दुसरीला सगळे लाल, तिसरीला आधी पिवळे आणि मग पांढरे. कागद जागचे हलवले नाहीत, तारखेप्रमाणे होते तसेच ठेवले. मग दारात उभं राहून बघितलं आणि मला मनापासून प्रसन्न वाटलं.

सर आले, हेल्मेट चढवलं, दोऱ्यांखालून दोनदा ये-जा केली. मग केटल लावली. मला जरा वाईट वाटलं. एवढं आवरलं, निदान 'ग्रँड' तरी म्हणायचं.

पुढच्या शनिवारी मामा त्यांचा बॉयलर बघायला गेला, मी बरोबर. बॉयलर सुरू झाल्यावर सर खुशीत आले. "तू सिलिकॉनवाला माणूस," ते मामाला म्हणाले, "तुला माझा कॅटलॉग दाखवतो. निळा चिमटा म्हणजे सिलिकॉन, वन-ए. लाल म्हणजे हायड्रोजन, टाइप टू. पिवळा हीलियम, वन-बी. यातलं काहीच नसेल तर पांढरा, वन-सी. कागद आले त्या क्रमानं लावलेत. आणि आता बघ, कसे सरमिसळ आहेत! निळा, लाल, लाल, पिवळा. आकाश कधी ओळीत उभं राहत नाही, बघ."

मामानं वर बघितलं. सगळे निळे ओळीत उभे होते. त्यांच्यामागे सगळे लाल. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"सुंदर आहे," मामा म्हणाला. गुणी आहे तो.

बाहेर पडल्यावर कुजबुजला, "आई! तू आवरलंस?"

"मला काय माहीत तो कॅटलॉग होता! कॅटलॉग कधी चिमट्यांचा असतो का?"

"ते जाऊ दे. अगं, त्यांना दिसलं नाही."

आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहिलो. डावा कान, जळके टोस्ट, कपाटाची उघडी दारं कपाळाला लागू नयेत म्हणून हेल्मेट. सगळे कागद माझ्यासमोर दोन वर्षं लटकत होते आणि मला एकही वाचता आला नव्हता.

रविवार कसा काढला ते मला माहीत. सोमवारी सकाळी जाऊन सांगून टाकलं. आधी वाक्यं लिहून काढली होती, ती सगळी विसरले. "सर, तुमचे चिमटे मी रंगवार लावले. पाच दिवस झाले."

त्यांनी केटलकडे बघितलं, म्हणजे बहुतेक माझ्याकडे. मग म्हणाले, "सगळे?"

"सगळे. कागदांच्या मागे काही लिहिलंय का?"

"नाही."

"दुसरी प्रत?"

"चिमटा हीच प्रत."

"चाळीस वर्षं शिकवलंत आणि दुसरी प्रत नाही?" मी ओरडलेच. चूक माझी होती, पण लायब्रेरियन जागी झाली की मला आवरत नाही.

आणि सर हसायला लागले. हेल्मेट टेबलावर आपटून आपटून हसले. डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे पाच दिवस मी पाहुण्यांना धुण्याच्या रांगा दाखवत होतो! मिसेस, आपण दोघंही पकडले गेलो."

मग त्यांनी सांगितलं. नजरेचा मधला भाग जात चालला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होई आणि कडा तेवढ्या राहत. स्क्रीनवरचं बटण कडेनं शोधून दाबता येई, पण रेघेतला बारीक चढउतार तिरकं बघूनही कळत नव्हता. चिमटे त्यांनी निदान वर्षभर अंदाजानं लावले होते. डॉक्टर आणि बहीण सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि वार्षिक सभा तीन आठवड्यांवर आली होती. कॉर्क शहरातला एक दातांचा डॉक्टर मंडळात नवा आला होता, त्याला वार हवा होता, आणि नियम असा की जो काही कळवत नाही त्याचा वार जातो.

"मंगळवार गेला तर काय होईल?" मी विचारलं.

"काही नाही. मग बुधवारी उठायचं कशासाठी, एवढाच प्रश्न राहील."

मी दोऱ्या खाली घेतल्या. "चला," म्हटलं. "एक्केचाळीस कागद. मी वाचते, तुम्ही ठरवा."

पुढचे पंधरा दिवस मला इतकी मजा आली की सांगायची सोय नाही. सर डोळे मिटून बसत आणि म्हणत, "डावीकडून सुरू करा, मिसेस." मी बोट ठेवून वाचे. "चढ. मोठा चढ. मग खाली. दोन दात. सपाट. मग एक खळी."

"एक काय?"

तुमच्या मम्मीला हसताना गालाला पडते ती. सिलिकॉन जिथं प्रकाश गिळतो तिथं, तांबड्याच्या जरा अलीकडे, रेघेला अगदी तसाच छोटा खड्डा पडतो. मी सरांचं बोट धरून कागदावरून फिरवलं. मग मामीनं आणलेल्या, वाळला की फुगून वर येणाऱ्या रंगाच्या पेनानं मी रेघा जाड गिरवायला लागले, म्हणजे रेघ बोटाला लागे. सरांना 'खळी' शब्द इतका आवडला की ते दिवसभर घरात म्हणत हिंडत. "खळी आहे? किती खोल? करंगळी बसेल? वन-ए! निळा!" बरोबर असला की टेबलावर थाप. पंधरवड्यात दोन कप फुटले. मी प्रत्येकाचं कार्ड केलं. तारीख, दीर्घिका, प्रकार, शेरा. दोन प्रतींत.

त्यांचं डोकं कसं चालतं हे मला तेव्हा कळलं. "हायड्रोजन म्हणालात. सुई की टेकडी?" ते विचारत. फुटणारा तारा भयंकर वेगानं पसरतो, म्हणून त्याच्या हायड्रोजनची खूण पसरट असते, टेकडीसारखी. दीर्घिकेतला वायू निवांत असतो, त्याची खूण सुईसारखी. "मी सुईला टेकडी समजलो होतो," ते म्हणाले. "तोच माझा फुगा."

सभा शनिवारी होती. त्याआधीच्या बुधवारी फाइल आली.

नवा ठिपका होता, तसा तेजस्वी, दोन दिवसांपूर्वीच सापडलेला, आणि अजून कुणीही त्याचा प्रकार कळवलेला नव्हता. टोस्ट मी केले, त्यामुळे ते तपकिरी होते. रेघ गिरवली. सर खुर्चीत, डोळे मिटून.

"डावीकडून."

"चढ. दोन दात. उतार. पुन्हा छोटा चढ." आणि मी थांबले. तांबड्यात एक उंच टोक उभं होतं. "सर, हायड्रोजन."

त्यांचा चेहरा उतरला. खिळ्यावरच्या फुग्याकडे बघायला नको म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. म्हणजे नक्की फुग्याकडेच बघितलं असणार.

"आणि?"

"सुई आहे. अगदी शिवणाची. टेकडीचं नाव नाही. आणि सुईच्या अलीकडे..." मी त्यांचं बोट तिथं नेलं. बोट घसरून खाली गेलं आणि थांबलं.

"खळी," सर म्हणाले. अगदी हळू.

"करंगळी बसेल."

"सुई दीर्घिकेची. युवर मॅन वन-ए आहे." टेबलावर थाप पडली नाही. हात कीबोर्डवर गेला आणि परत आला. "मागच्या वेळी पण माझी खात्री होती, मिसेस. अगदी अशीच."

"मागच्या वेळी मी नव्हते."

"तुम्ही दाबा बटण."

"मी नाही. माझी मंडळात नोंद नाही, कार्ड नाही, काही नाही. बेशिस्त चालणार नाही."

"चुकलं तर दुसरा फुगा येईल."

"येऊ दे. एका खिळ्याला दोन फुगे मावतात. मी बघितलंय."

सर हसले आणि हसता हसताच त्यांनी दोघांची नावं घातली. शेरा काय लिहू विचारल्यावर मी म्हटलं, जे सापडलं ते लिहा. त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'खळी खोल आहे, सुई दीर्घिकेची.' आणि बटण दाबलं.

मग आम्ही वाट बघितली. मी त्यांचं कपाट आवरलं, ज्याला इथं प्रेस म्हणतात. डबे उंचीप्रमाणे लावले. मग त्यांना सापडणार नाहीत हे ध्यानात येऊन पुन्हा होते तसे विस्कटले. विस्कटायला मला दुप्पट वेळ लागला. चार वाजता कॉम्प्युटर किणकिणला. मोठ्या वेधशाळेचा वर्णपट आला होता. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"वाचा ना, बाई!" सर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मला मिसेस म्हणायचे विसरले.

"वन-ए. 'आधीच्या नोंदीशी सहमत.'"

ते उठले, हेल्मेट काढलं, माझ्या डोक्यावर घातलं, आणि मी पासष्ट वर्षांची बाई त्या स्वयंपाकघरात तीन दोऱ्यांखालून गोल गोल फिरले. मधल्या भिंतीवर ठकठक झाली. मामा कामावरून आला होता आणि विचारत होता की आग लागलीय का.

दुसऱ्या दिवशी परदेशातल्या एका तरुण संशोधिकेची ईमेल आली. खळी ही पद्धत आमच्या वाचनात आलेली नाही, कृपया संदर्भ द्यावा. सरांनी ती मला तीनदा वाचायला लावली आणि उत्तर सांगितलं, "संदर्भ माझ्या शेजारी राहतो."

सभा त्याच स्वयंपाकघरात झाली. सहा माणसं, एक केक. कॉर्कचा दातांचा डॉक्टर अगदी सभ्य निघाला, त्यामुळे मला त्याचा राग करता येईना. सगळे सरांचं अभिनंदन करायला लागले तेव्हा त्यांनी हात वर केला आणि डोळ्यांचं सांगून टाकलं. सरळ, एका दमात. केक कापणाऱ्याची सुरी तशीच राहिली.

"म्हणून मंगळवार मी सोडतो," सर म्हणाले. मला धक्काच बसला. हे आमचं ठरलेलं नव्हतं. "आणि तो यांना द्यावा असं सुचवतो."

"पण या कोण?" दातांच्या डॉक्टरनं विचारलं. "म्हणजे, या काय करतात?"

सरांनी माझ्या डाव्या कानाकडे बघितलं. "वन-सी," ते म्हणाले. सहाही माणसांनी माना डोलावल्या. मला घरी जाऊन माझीच कार्डं चाळावी लागली. बाहेरचे सगळे थर आधीच गमावलेला तारा. हायड्रोजन नाही, हीलियम नाही, सांगायला काही उरलेलं नाही असं वाटतं. आणि मग फुटतो तेव्हा थेट गाभाच दिसतो. मी कार्ड परत जागेवर ठेवलं आणि थोडा वेळ मसाल्याच्या बाटल्यांशी उभी राहिले.

मंगळवार मला मिळाला. दातांच्या डॉक्टरला रविवार मिळाला, कुणाला तरी चर्च आणि दुर्बीण दोन्ही झेपत नव्हतं.

त्यानंतरच्या वसंतात सर लेटरकेनीला बहिणीकडे राहायला गेले. तिथं गाडीशिवाय पान हलत नाही आणि गाडी बहीण चालवते. फुगा बरोबर नेला. हेल्मेट माझ्याकडे ठेवलं. दर बुधवारी साडेआठला मी फोन करते. पलीकडून आवाज येतो, "डावीकडून, मिसेस." मी वाचते. चढ, दात, उतार. ते थांबवतात, विचारतात, सुई की टेकडी. मग ठरतं, आणि फोनमधून खट्ट असा आवाज येतो.

तो आवाज कसला हे मला गेल्या महिन्यात कळलं. मामानं मला गाडीनं लेटरकेनीला नेलं. बहिणीच्या स्वयंपाकघरात एक लांबलचक दोरी बांधलेली आहे. कागद नाहीत, कारण सरांना आता कागदाचा उपयोग नाही. नुसते चिमटे. बहिणीनं प्रत्येक रंगाची वेगळी बरणी ठेवली आहे, आणि दर बुधवारी ते बरणी चाचपून एक चिमटा काढतात आणि दोरीला लावतात. बहीण चढ्या आवाजात म्हणाली, "आलेला प्रत्येक माणूस विचारतो, धुणं वाऱ्यानं उडालं का?"

मी चहा घेतला. त्या दोरीखाली बरोबर दोन तास बसले. निळा, निळा, लाल, पांढरा, लाल, पिवळा, निळा. एक लाल तर चक्क उलटा लावलेला होता.

मी एकाही चिमट्याला हात लावला नाही.